भिक्खूला दोघांनी उचललं

नव्याने नोकरीला लागलेल्या मुली पहिल्या वर्षात जे विचारतात, त्यातलं बहुतेक पुस्तकात असतं. ड्रिप मिनिटाला किती थेंबांनी सोडायची, रक्त चढवताना पेशंटला थंडी वाजली तर आधी काय बंद करायचं, इन्सुलिन दिल्यावर जेवण आलंच नाही तर काय करायचं. एक प्रश्न मात्र कुठल्याच परीक्षेला येत नाही. तो कधी चेंजिंग रूममध्ये विचारला जातो, कधी सकाळचा चार्ज देऊन झाल्यावर. "मॅडम, मले पाप लागन का?"

मी विदर्भातल्या सरकारी दवाखान्यांत परिचारिका म्हणून आयुष्य घालवलं, परिसेविका म्हणून निवृत्त झाले आणि आता एका नर्सिंग स्कूलमध्ये शिकवते. हा प्रश्न मी अनेकींकडून ऐकला आहे. विचारणाऱ्या मुली बौद्ध होत्या, कुणबी होत्या, आदिवासी होत्या, एक ख्रिश्चन होती. शब्द थोडे इकडचे तिकडे, प्रश्न तोच. "तुझी काही चूक नाही, जा, झोप" एवढ्यावर मी तो कधी सोडला नाही, कारण तसं सांगितल्याने ती झोपत नाही.

त्यातल्या एकीची रात्र सांगते. पुरुष मेडिसिन वॉर्ड, खाटा तीस, पेशंट पन्नासाच्या वर. उरलेले दोन खाटांमधल्या जागेत आणि व्हरांड्यात गाद्या टाकून. दिवस कपाशीच्या फवारणीचे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले तेव्हा सगळ्या राज्याने ते पाहिलं, पण आमच्या वॉर्डांना भादव्यातले हे पेशंट दरवर्षीचेच. रात्री बाराच्या सुमाराला असाच एक पोरगा आला. कपड्यांना औषधाचा उग्र वास, तोंडातून फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. कपडे उतरवून अंग साबणाने धुणं, नळी घालून पोट धुणं, शीर शोधणं, आणि मग विषावरचा उतारा, ॲट्रोपिन. ज्याने हे केलंय त्याला सांगायला नको की ॲट्रोपिनवरचा पेशंट म्हणजे दर पाच-दहा मिनिटांनी नाडी, बाहुल्या आणि छातीतली घरघर पाहणं. कमी पडलं तर तो आपल्याच पाण्यात बुडतो. जास्त झालं तर अंग तापतं, जीभ कोरडी पडते, तो बडबडायला लागतो, चादर ओरबाडतो, सलाईन उपटून काढतो. असा एक पेशंट एका परिचारिकेला रात्रभर पुरतो.

वॉर्डात त्या रात्री परिचारिका एकच होती. वय बावीस, नोकरी तीन महिन्यांची. दुसरी सिस्टर मागणारा माझा कागद मेट्रन ऑफिसात पडून होता. डॉक्टर एकटा, तोही कॅज्युअल्टी आणि वॉर्ड अशा दोन्हीकडे धावत. त्या पोराची नाडी बघता बघता तिने एका पेशंटची रक्ताची पिशवी उतरवली, दोघांची सलाईन बदलली, साखर उतरलेल्या एकाला ग्लुकोज दिलं. कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारा होता. दम्याचा जुना रोगी, बसस्टँडवरून १०८च्या गाडीने आणलेला, सोबत कोणी नाही. दोन वाजता तिने त्याचा ऑक्सिजन पाहिला होता. चारच्या पुढे त्याच्या खाटेशी पोचली तेव्हा तो गेलेला होता.

पोरगा वाचला. तिने त्याच्याबद्दल मला एक शब्द विचारला नाही. तिचा प्रश्न म्हाताऱ्याचा होता.

सकाळी चहाच्या वेळी तिला दोन उत्तरं मिळाली. एक वॉर्डातल्या मावशींचं: त्याचं आयुष्य तेवढंच होतं, सटवीने लिहिलेलं कोणाला चुकतं? मावशींनी ते मायेने म्हटलं, त्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, म्हणून मी तिथे वाद घातला नाही. पण ते मला मान्य नाही. मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना विचारलं होतं की माणसाला जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच होतं, असं काही लोक म्हणतात, ते खरं का? बुद्धांनी त्याला कारणं मोजून दाखवली. पित्त, कफ, वात, तिन्ही एकदम बिघडणं, ऋतू बदलणं, वागण्यातली हयगय, बाहेरून झालेला आघात. हे सगळं सांगून झाल्यावर आठवं कर्म. आणि सगळंच पूर्वकर्मावर टाकणारे डोळ्यांपुढचं सत्य सोडून बोलतात, असं म्हटलं. बाबासाहेबांनीही पूर्वजन्मीच्या कर्माची ही समजूत धम्मात येऊ दिली नाही. सीवकाबरोबरचं ते संभाषण मला एखाद्या वैद्यकीय पुस्तकातलं वाटतं. मेल्या माणसाचं नशीब सांगायला सुरुवात केली की ऑक्सिजनची नळी कोणी तपासायची होती, हा प्रश्नच पुसला जातो. अपुरी पदं ही काही कोणाच्या कपाळावर लिहिलेली गोष्ट नव्हे. ती मंत्रालयातल्या फायलीत लिहिलेली असते.

दुसरं उत्तर एका सीनियर सिस्टरचं. फळाची आशा न धरता कर्म करत राहा, गीता हेच सांगते. ती सिस्टर माळकरी, वागायला सोन्यासारखी, तिच्या तोंडी ते खोटं नव्हतं. तिने स्वतः तसंच काम केलं होतं. पण हेच वाक्य मी वरिष्ठांच्या तोंडून भाषणात ऐकलं आहे, आणि तिथे त्याचा अर्थ वेगळा होतो. सांगणाऱ्याला फळ मिळत राहतं आणि ऐकणारीने आशा सोडायची. शिवाय त्याच गीतेत सहाव्या अध्यायात असंही आहे की अति खाणाऱ्याला, अजिबात न खाणाऱ्याला, अति झोपणाऱ्याला आणि अति जागणाऱ्याला योग साधत नाही. मी बौद्ध घरातली आहे, गीतेवर प्रवचन करणं माझं काम नाही. पण सलग नाइट करून सकाळी दोन तास रिपोर्ट लिहीत बसलेल्या, बाथरूमला जायला वेळ नाही म्हणून रात्रभर पाणी न पिणाऱ्या मुलीला गीता ऐकवायचीच असेल तर तो सहावा अध्यायही ऐकवावा.

मी तिला काय सांगितलं? बुद्धांनी चेतनेला, म्हणजे मनात धरलेल्या हेतूला, कर्म म्हटलं आहे. तिच्या मनात त्या म्हाताऱ्याला टाळायचं नव्हतं. ती कंटाळून बसलेली नव्हती, मोबाईल बघत नव्हती, घाण वाटली म्हणून दूर राहिली नव्हती. ती दुसऱ्याचा जीव धरून बसली होती. म्हणून पाप तिचं नाही. हे मी सांगितलं आणि ते खरं आहे.

पण तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही, आणि ते होऊ नये असंच मला आज वाटतं. कारण तिला एक गोष्ट बरोबर दिसत होती. त्या म्हाताऱ्याचा कोणावर तरी हक्क होता आणि तो हक्क पुरा झाला नाही. हेतू शुद्ध असल्याने ती सुटली, पण म्हातारा एकटाच मेला हे तसंच उरतं. तो दोष हवेत विरून गेला असं म्हणायचं का?

याचं उत्तर मला विनयपिटकातल्या एका जुन्या गोष्टीत सापडलं. गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ती घेतली आहे आणि वर्षावासात विहारात त्या ग्रंथाचं वाचन चालतं तेव्हा दरवर्षी येते. एका भिक्खूला हगवण लागली होती. तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. बुद्ध आनंदाला सोबत घेऊन भिक्खूंच्या निवासांतून फिरत असताना तिथे आले. तुझी शुश्रूषा करणारं कोणी नाही का, असं विचारलं. नाही, तो म्हणाला, मी बाकीच्यांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी बघत नाही. मग बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदाने त्याचं अंग धुतलं. बुद्धांनी डोक्याकडून धरलं, आनंदाने पायाकडून, आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर ठेवलं.

विहारात ही गोष्ट वाचली की बुद्धांच्या करुणेवर बोलणं होतं, आणि माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी, हा बुद्धांचा उपदेश सांगून संपतं. नर्सेस डेच्या भाषणांतही तेवढंच येतं. मी परिचारिका असल्यामुळे माझं लक्ष दुसरीकडे जातं. पाणी ओतणारा एक आणि धुणारा एक. डोक्याकडे एक आणि पायाकडे एक. अंथरुणात घाण झालेल्या, अंगात त्राण नसलेल्या माणसाला एकट्याने उचलू नये, त्याचंही अंग सोलतं आणि आपलीही कंबर जाते, हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकवतो. इथे साक्षात बुद्ध एका पेशंटपाशी उभे आहेत आणि तेसुद्धा ते काम एकट्याने करत नाहीत. करुणा कमी होती म्हणून नाही. ते काम दोघांचं आहे म्हणून.

त्याच्या पुढचा भाग तर मला सगळ्यात मोलाचा वाटतो. बुद्धांनी त्या भिक्खूला स्वच्छ करून गोष्ट तिथे संपवली नाही. त्यांनी संघ बोलावला आणि सगळ्यांना विचारलं, त्याच्याकडे कोणी का पाहत नव्हतं? तुम्हांला इथे आई नाही, बाप नाही; तुम्हीच एकमेकांना पाहिलं नाही तर कोण पाहणार? आणि मग नियम केला. आजाऱ्याचा उपाध्याय असेल तर त्याने बघावं, आचार्य असेल तर त्याने, शिष्य असेल तर शिष्याने. यांपैकी कोणीच नसेल तर संघाने बघावं. न बघितलं तर दोष, विनयाच्या भाषेत दुक्कट.

कोणीच नसेल तर संघाने. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे असं मला वाटतं. दोष आहे, तो हवेत विरत नाही. पण जी हजर होती तिच्यावर तो येत नाही. जे यायला हवे होते आणि आले नाहीत त्यांच्यावर येतो.

आमच्या वॉर्डांत हा नियम उलटा चालतो. आपल्याकडे निम्मी शुश्रूषा नातेवाईक करतात, हे कुठल्या कागदावर नसतं पण सगळ्यांना माहीत असतं. पाणी पाजणं, कूस बदलणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, सलाईन संपत आली की हाक मारणं, रक्ताचा नमुना लॅबला नेणं. आई, बायको, भाऊ खाटेखाली सतरंजी टाकून झोपतात आणि सरकारने न भरलेलं पद भरून काढतात. ज्याला नातेवाईक नाही त्याला मग अर्धीच शुश्रूषा मिळते. म्हणजे विनयाने ज्याच्यासाठी सगळ्या संघाला बांधून घेतलं, नेमकं तोच माणूस आपल्याकडे सगळ्यांत नव्या, सगळ्यांत एकट्या मुलीच्या अंगावर टाकला जातो, आणि तो दगावला की तिलाच मेमो मिळतो.

किती माणसं लागतात, हे कोणाला ठाऊक नाही अशातला भाग नाही. भारतीय परिचर्या परिषदेचं मानक आहे. शिक्षण-रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात ३ खाटांमागे १ परिचारिका, इतर रुग्णालयांत ५ खाटांमागे १, अतिदक्षता विभागात खाटेमागे १, आणि रजेसाठी वर ३० टक्के जादा. ५ खाटांच्या हिशेबाने ३० खाटांच्या वॉर्डाला सहा आणि जादा धरून आठ जणी होतात. तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्टी, नाइटनंतरची सुट्टी आणि रजा वजा केल्या की एका पाळीला दोघी उरतात. तेही खाटा तीस आणि पेशंट तीस असतील तर. जमिनीवरच्या गाद्या कुठल्याच मानकात धरलेल्या नसतात.

आणि जास्त पेशंट म्हणजे नुसती जास्त दमणूक नव्हे. अमेरिकेत लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ साली दाखवलं की परिचारिकेकडे एक पेशंट जादा दिला की शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. तिथे चार पेशंट की आठ पेशंट, असा प्रश्न होता. आमच्याकडचा आकडा त्या अभ्यासाच्या तक्त्यात बसणारच नाही. हे वाचल्यापासून मी परिचारिकांची संख्या हा नुसता प्रशासनाचा विषय मानत नाही. एका रात्री एकीच्या ताब्यात पन्नास माणसं देणं ही शीलाची गोष्ट आहे. त्या कागदावर सही करणाऱ्याच्या हातून कोणी तरी मरणार आहे, फक्त त्याला तो माणूस दिसत नाही.

नवीन मुलीला हे सगळ्यांत जास्त भोवतं, त्याचं कारण तिला काम येत नाही हे नव्हे. तिला काय सोडायचं ते अजून कळत नसतं. वीस वर्षं नोकरी झालेली सिस्टर वॉर्डात शिरली की तिची नजर दोन-तीन खाटांवर थांबते. श्वासाचा आवाज, ओठांचा रंग, उशी कशी ओली झाली आहे, एवढ्यावरून आज रात्री कोण दगा देणार हे तिला उमगतं. नव्या मुलीला सगळ्या खाटा सारख्याच हाका मारतात. सगळ्यांचे ताप-नाडी-श्वास, सगळ्यांचं इनटेक-आउटपुट, सगळ्यांच्या ऑर्डरी, आणि लिहिलं नाही म्हणजे केलं नाही हे तर आम्हीच तिच्या मनावर ठसवलेलं. मार्लीन क्रेमर या अमेरिकन परिचारिका-अभ्यासकाने १९७४ साली 'रिॲलिटी शॉक' नावाचं पुस्तकच लिहिलं, शिकून बाहेर पडलेल्या मुलींना वॉर्ड पहिल्यांदा बघून बसणारा धक्का आणि त्यामुळे त्यांचं हा पेशा सोडून जाणं, यावर. म्हणून नव्या मुलीला काही महिने सीनियरच्या हाताखाली ठेवायचं असतं. प्रत्यक्षात तिलाच रिलिव्हर म्हणून आज मेडिसिन, उद्या बर्न्स, परवा नवजात बाळांचा एसएनसीयू असं फिरवतात, कारण जुन्या तोंड उघडतात आणि ती उघडत नाही. दोन बैलांच्या औताला एक वासरू जुंपायचं आणि मग नांगर वाकडा गेला म्हणून त्याला मारायचं, तसं हे आहे.

यावर मला हमखास सावित्रीबाईंचं उदाहरण दिलं जातं. १८९७च्या प्लेगमध्ये त्यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं आणि त्या स्वतः प्लेगने गेल्या, १० मार्चला. माझ्या घरात त्यांचा फोटो बुद्ध आणि बाबासाहेबांच्या शेजारी आहे. त्यांच्या नावाने मी उठते. पण सावित्रीबाईंना कोणी ड्युटी लावली नव्हती. त्या पोराला उचलायचं त्यांनी ठरवलं, मरणाचा धोका ओळखून ठरवलं. असा त्याग ज्याचा त्याने करायचा असतो, दुसऱ्याला तो हजेरीपटावर मांडता येत नाही. ज्या दिवशी एखादा अधिकारी नव्या मुलीला सांगतो की सावित्रीबाईंनी जीव दिला, तुला एक नाइट जास्त जड का जाते, त्या दिवशी तो सावित्रीबाईंचा त्याग आपल्या रिकाम्या पदांवर झाकण म्हणून वापरतो. मला याचा मनापासून संताप येतो.

नाइटिंगेलबाईंचंही तेच झालंय. दर वर्षी मेणबत्त्या लावून मुली शपथ घेतात. ती शपथ नाइटिंगेलबाईंनी लिहिलेली नाही, १८९३ साली डेट्रॉइटमध्ये लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या समितीने ती बनवली. खुद्द नाइटिंगेलबाई काय सांगतात ते 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये पाहावं. त्यात व्यवस्थेवर एक अख्खं प्रकरण आहे. आपण हजर असताना जे होतं ते आपण नसतानाही व्हावं, अशी सोय लावणं हे त्या परिचर्येचं मुख्य अंग मानतात. कितीही जीव लावणारी परिचारिका सतत खाटेशी असू शकत नाही, आणि तसं असावं असंही त्यांना वाटत नाही. दिवा घेऊन फिरणारी बाई सगळ्यांना आठवते. आकडे आणि तक्ते मांडून सरकारला जाब विचारणारी बाई मुलींना कोणी दाखवत नाही.

व्यवस्था लागली, वाटणी झाली, तर परिचारिका काय करू शकतात हे मुंबईच्या केईएम रुग्णालयाने दाखवलं आहे. अरुणा शानबाग तिथल्याच परिचारिका. १९७३ साली रुग्णालयातच त्यांच्यावर हल्ला झाला, त्या अंथरुणाला खिळल्या आणि २०१५ साली गेल्या. मधली बेचाळीस वर्षं त्यांना तिथल्या परिचारिकांनी सांभाळलं. ज्यांनी सुरुवात केली त्या निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी आलेल्यांनी पुढे चालवलं, त्या मुली तर १९७३ साली जन्मल्याही नव्हत्या. इतकी वर्षं एका जागी पडून असलेल्या देहाला बेडसोअर होऊ न देणं काय असतं, ते ज्याने पाठ चोळली आहे त्यालाच कळेल. एकीच्या भक्तीने ते झालं नसतं. पाळ्या लावून झालं.

आता एक आक्षेप मी स्वतःवरच घेते, कारण वर्गात मुली घेतात. दोष संघाचा म्हटला की परिचारिका सैल पडणार नाही का? प्रत्येक चुकीला स्टाफ कमी होता हे उत्तर तयार. हा धोका खरा आहे, मी अशी माणसं पाहिली आहेत. त्याच विनयात शुश्रूषा करायला कोण लायक हेही सांगितलंय. औषध तयार करता आलं पाहिजे. काय सोसेल आणि काय सोसणार नाही हे कळलं पाहिजे, सोसणारं द्यावं, न सोसणारं दूर ठेवावं. लाभासाठी नव्हे तर मैत्रीने करावं. मलमूत्र, थुंकी, ओकारी उचलायची किळस नसावी. आणि अधूनमधून दोन शब्द बोलून आजाऱ्याचं मन उभारता यावं. यात पहिल्या दोन गोष्टी कौशल्याच्या आहेत, भावनेच्या नाहीत. त्यांत कसूर झाली तर ती आपलीच, तिथे स्टाफ कमी असल्याचं सांगता येत नाही. त्या मुलीने त्या रात्री यातलं काहीही चुकवलं नव्हतं, म्हणून मी तिला निर्दोष म्हटलं. प्रत्येकीला म्हणेनच असं नाही.

सैल पडण्यापेक्षा मला दुसरी भीती जास्त वाटते. 'विसुद्धिमग्ग'मध्ये बुद्धघोषांनी करुणेचे दोन शत्रू सांगितलेत. दूरचा शत्रू क्रौर्य, आणि जवळचा शत्रू शोक, कारण तो करुणेसारखाच दिसतो. नवीन मुली या जवळच्या शत्रूच्या तावडीत सापडतात. एक पेशंट गेला की आठवडाभर जेवत नाहीत, आणि आपण फार मायाळू आहोत म्हणून हे होतं असं त्यांना वाटतं. दोन-तीन वर्षांत तो शोक सोसेनासा होतो आणि त्याच मुली दगड होतात. पेशंटला नावाने हाक मारायच्या थांबतात, खाट नंबर बारा म्हणतात. मधली वाट उपेक्खेची, म्हणजे समतोल चित्ताची. ती एकट्या मुलीला रात्रीत गवसत नाही. बाजूला कोणी सीनियर असेल, दोन मिनिटं तिच्याशी बोलता येत असेल, चहा एकत्र होत असेल, तर हळूहळू अंगी येते. म्हणजे मनाच्या शांतीसाठीसुद्धा दुसरं माणूस लागतं. ध्यानधारणेचे वर्ग ठेवणाऱ्या रुग्णालयांनी आधी नाइटला दुसरी सिस्टर ठेवावी, मग ध्यानही लागेल.

म्हणून मी मुलींना एक धर्मकृत्य शिकवते, आणि त्याला धर्मकृत्यच म्हणते. चार्ज घेताना रिपोर्ट बुकात पहिली ओळ लिहायची: वॉर्डात पेशंट इतके, त्यांत सीरियस इतके, नातेवाईक नसलेले इतके, ड्युटीवर अधिपरिचारिका इतक्या. डॉक्टरला, मेट्रनला कळवलं तर वेळेसकट लिहायचं. बुद्धांनी संघ बोलावून विचारलं म्हणून संघाला कळलं. आज संघ आपणहून वॉर्डात येत नाही, तर त्याला हाक मारणं हा शुश्रूषेचाच भाग आहे. काही मुली घाबरतात, असं लिहिलं तर वरून ओरडा बसेल. बसतो. तरी लिहायचं. २०२२च्या मे महिन्यात राज्यभरच्या सरकारी परिचारिका बाह्यस्रोत भरतीविरुद्ध संपावर गेल्या तेव्हा पेशंट वाऱ्यावर सोडले म्हणून त्यांना नावं ठेवणारे खूप होते. एरवी रोज रात्री वाऱ्यावर सोडलेल्या पेशंटांबद्दल त्यातले किती बोलले होते?

आणि पगार. सेवेच्या गोष्टीत पैसा आणला की लोकांना अवघडल्यासारखं होतं. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी दवाखान्यातसुद्धा परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. त्याच्या निम्म्यावर राबणाऱ्या, वर मूळ प्रमाणपत्रं दवाखान्याच्या कपाटात अडकलेल्या माझ्या विद्यार्थिनी आहेत. विनयात या आजारी भिक्खूच्या गोष्टीच्या लगेच पुढे असं येतं की एखादा भिक्खू वारला तर त्याच्या चीवर-पात्राचा मालक संघ, पण शुश्रूषा करणाऱ्यांचे उपकार मोठे असतात, म्हणून ती तीन चीवरं आणि पात्र संघाने त्यांना द्यावं. शुश्रूषा करणारांत एखादा श्रामणेर, अजून पुरी दीक्षा न झालेला नवखा असेल, तर त्यालाही समान वाटा द्यावा. समान. कंत्राटी आणि कायम, जुनी आणि नवी, यांना एकाच वॉर्डात एकाच रात्री वेगळं मोल लावणाऱ्यांनी हे वाचावं.

यंदाच्या वर्षावासात ग्रंथवाचनात ती गोष्ट आली तेव्हा मी विहारात उभी राहून हे सगळं बोलले. एका ज्येष्ठ उपासकांनी सुचवलं, ताई, आपण बाया-माणसं आळीपाळीने दवाखान्यात जाऊन बेवारस पेशंटपाशी बसू, ते दान होईल. पदांची मागणी हा तर राजकारणाचा विषय. मी म्हटलं, दादा, बसायला जरूर जाऊ, पण ॲट्रोपिनवरच्या पेशंटची बाहुली तुम्हांला-मला बघता येणार नाही, ती शिकलेल्या माणसालाच बघावी लागेल, आणि ते माणूस नेमायचं काम आपल्या करातून होतं. त्यावर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी निवेदन लिहिलं. पुरुष आणि स्त्री मेडिसिन वॉर्डांत रात्री किमान दोन अधिपरिचारिका, पहिले सहा महिने नव्या मुलीला एकटीला नाइट नको, रिक्त पदं आणि रजेची राखीव पदं भरावीत, कंत्राटी मुलींना समान वेतन. विहारातल्या बायकांनी सह्या केल्या, ज्यांना येत नव्हत्या त्यांनी अंगठे दिले. निवेदन जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात आवक नंबर घालून दिलं आहे. उत्तर आलेलं नाही. अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, त्याच्या आत पुन्हा जायचं ठरलंय. माझ्या त्या माळकरी मैत्रिणीने ते निवेदन वाचलं आणि प्रत मागून नेली. तिच्या गावच्या भजनी मंडळातल्या बायकाही या वेळी आमच्याबरोबर येणार आहेत.